रानगुलाबाची बोंडं आणि ‘घरीच असते’

(आमच्या भागातल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

भाषणाचा विषय कळवा, असा निरोप आला तेव्हा मी ‘रानगुलाब’ असं कळवलं. लगेच आयोजक मैत्रिणीचा फोन. “ताई, दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाचा विषय चुकून आम्हाला पाठवलास का?” तिची शंका रास्तच होती. आपल्या मेळाव्यात रेशन, पोटगी, दारूबंदी, वनहक्क हे विषय असतात. गुलाब म्हटला की आठवते ती आठ मार्चची तारीख. त्या दिवशी कचेऱ्यांतून, बँकांतून बायकांच्या हातात एकेक गुलाब देतात. लांब देठाचा, काटे काढलेला. तो घेऊन आपण घरी जातो आणि संध्याकाळचा स्वयंपाक काही चुकत नाही.

त्या गुलाबाबद्दल मला बोलायचं नाही. मला बोलायचंय काटे असलेल्या गुलाबाबद्दल, आणि त्याहीपेक्षा फूल गळून गेल्यावर मागे उरणाऱ्या बोंडाबद्दल. माझ्या हातून झालेली एक मोठी चूक मला या बोंडानं दाखवून दिली. आधी ती चूक सांगते.

एम.एस.डब्ल्यू. होऊन २०१२ साली मी कामाला लागले. पहिलं काम सर्वेक्षणाचं, सह्याद्रीतल्या हिरडा गोळा करणाऱ्या गावांत. एका घरी पोचले तेव्हा घरची बाई नुकतीच रानातून आली होती. तिनं डोक्यावरचं हिरड्याचं गाठोडं ओटीवर उतरवलं, पदरानं तोंड पुसलं, मला पाणी दिलं. मी फॉर्म काढला. “मावशी, काम काय करता?” ती म्हणाली, “मी काय करणार बाई, घरीच असते.” आणि मी व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं. गाठोडं माझ्या पायाशी पडलेलं होतं! श्रमविभागणीवर मी कॉलेजात निबंध लिहिला होता, चांगले मार्कही मिळवले होते. असे किती फॉर्म मी भरले, आता मोजता येणार नाहीत.

तेव्हा मला यात काही चुकलं असं वाटलं नाही. ते कळायला मला तीन वर्षं आणि एक समुद्र ओलांडावा लागला.

२०१५ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभर इंग्लंडच्या उत्तरेला राहिलो. टाइन नदीच्या खोऱ्यातलं लहानसं गाव, न्यूकॅसल शहर तिथून तासाभरावर. तिथं समाजकार्य करायचं तर नोंदणी लागते, माझ्या पदवीवर ती लगेच मिळण्यासारखी नव्हती. मी घरात बसले. बसले म्हणजे काय, स्वयंपाक, धुणं, बाजारहाट, सगळं होतंच. पण संध्याकाळी नवरा सहज विचारायचा, “आज दिवसभर काय केलंस?” आणि माझ्या तोंडून निघायचं, “काही नाही, घरीच होते.”

शेजारी एक आजी राहत. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, काठी टेकत रोज फिरायला जाणाऱ्या. मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. तिकडे शेताच्या बांधांना जिवंत झाडाझुडपांची कुंपणं असतात. आपल्याकडे काट्याकुट्यांची वई घालतात ना, तशी, पण लावून वाढवलेली. या वईत हॉथॉर्न असतो, ब्लॅकबेरी असते आणि रानगुलाब असतो. इंग्रजीत त्याला ‘डॉग रोझ’ म्हणतात, म्हणजे कुत्र्याचा गुलाब. त्याच्या मुळानं पिसाळलेल्या कुत्र्याचं विष उतरतं, अशी समजूत प्राचीन रोमन काळापासून होती. प्लिनीनं ती लिहून ठेवली आहे. मुळानं रेबीज बरा होत नाही, पण नाव मात्र चिकटलं.

मार्च-एप्रिलमध्ये मी त्याला पाहिलं तेव्हा ते नुसतं काट्यांचं जाळं होतं. काटे मागे वळलेले, मांजराच्या नखासारखे. शेजारच्या झाडाला त्या नखांनी धरून हा गुलाब वर चढतो, स्वतःचा असा बुंधा त्याला नाही. जूनच्या मध्यावर एके सकाळी सगळी वई फिकट गुलाबी झाली. पाचच पाकळ्या, मधे पिवळं केसर. एक फूल जेमतेम दोन दिवस टिकतं, सगळा बहर दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. या फुलात मध जवळपास नसतोच, मधमाश्या येतात त्या परागासाठी.

फुलाखाली पाच हिरवी निदलं असतात. आजींनी मला त्यावरचं जुनं कोडं घातलं : एका आईचे पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, आणि एकाला अर्ध्याच गालावर. खरोखर बघितलं तर दोन निदलांना दोन्ही बाजूंनी झालर असते, दोन साधी असतात आणि एकाला एकाच बाजूला झालर. मी म्हटलं, इथंही भाऊच मोजलेत, बहिणी नाहीत!

पण याच गुलाबाबद्दलची एक गोष्ट एका बाईनं मोजली आहे, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. कॅथलीन ब्लॅकबर्न ही न्यूकॅसलच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. १९२१ साली तिनं आणि तिचे सहकारी हेस्लॉप-हॅरिसन यांनी ब्रिटनमधल्या रानगुलाबांच्या पेशींवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. त्याच सुमाराला स्वीडनमध्ये टॅकहोम हा संशोधकही हेच शोधत होता. आपल्यात आईकडून तेवीस आणि वडिलांकडून तेवीस गुणसूत्रं येतात, हे आपण आरोग्याच्या शिबिरात शिकलोय. या रानगुलाबात एकूण ३५ गुणसूत्रं असतात. त्यातली २८ बीजांडातून, म्हणजे आईकडून येतात, आणि परागातून फक्त ७. पाचात चार वाटे आईचे! यावरून निसर्ग बायकांच्या बाजूचा आहे असं काही मी म्हणत नाही. निसर्गाच्या नावानं पुरुषांनी आपल्याला पुष्कळ ऐकवलंय, आपण तीच चूक करू नये. पण ‘बीज बापाचं, आई नुसतं शेत’ असं सांगणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगावा.

जुलै-ऑगस्टमध्ये वईकडे कुणी ढुंकून बघत नाही. फूल गेलेलं, बोंड हिरवं, पानांत मिसळून गेलेलं. काही फांद्यांवर लालसर केसाळ गोळे दिसतात. एक चिमुकली गांधीलमाशी तिथं अंडी घालते आणि झाड स्वतःच त्या अळ्यांभोवती घर बांधतं. दुसऱ्याची पिल्लं वाढवायचं कामही या झाडाकडे आहे.

सप्टेंबर आला की बोंडं नारिंगी होतात, मग लालभडक. आकार आपल्या लहान बोरासारखा, पण लांबट. फोडून पाहिलं तर गर पातळसा, आत बिया आणि बियांभोवती बारीक केस. हे केस अंगाला लागले तर भयंकर खाज सुटते. तिकडची शाळकरी पोरं ते एकमेकांच्या मानेवर टाकायची, आपल्याकडे खाजकुयली टाकतात तशी. बोंड खायचं तर हे केस पूर्ण काढावे लागतात, आणि त्या कामाचं ज्ञान बायकांकडे असायचं.

ऑक्टोबरात आजी मला म्हणाल्या, “चल, टोपली घे.” वाटेवरच्या वईतून आम्ही बोंडं तोडली. तासाभरात माझे हात ओरखड्यांनी भरले. घरी येऊन धुतली, देठं खुडली. पातेल्यात पाणी खळखळत ठेवलं आणि बोंडं भरड वाटून लगोलग उकळत्या पाण्यात टाकली. वाटून तशीच ठेवली तर क जीवनसत्त्व उडून जातं. तांब्याचं भांडं चालत नाही, त्यानंही ते नासतं. उकळी आली की उतरवून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, मग जाड फडक्यातून गाळायचं. फडक्यातला चोथा पुन्हा पाण्यात उकळून पुन्हा गाळायचा. केसाची एक काडीही जाता कामा नये म्हणून दोनदा गाळणं. शेवटी रस आटवून साखर घालायची. असा सगळा अर्धा दिवस गेला आणि हातात आल्या सरबताच्या दोन लहान बाटल्या.

काम करता करता आजी बोलत होत्या. १९४२ साली त्या आठ वर्षांच्या होत्या. दुसरं महायुद्ध चालू होतं. बोटी बुडवल्या जात होत्या, संत्री येणं जवळजवळ बंद झालं होतं. लहान मुलांना क जीवनसत्त्व कुठून द्यायचं? शास्त्रज्ञांनी तपासलं तर रानगुलाबाच्या बोंडात ते संत्र्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. १९४२ मध्ये मॅग्नस पाइक आणि रोनाल्ड मेलव्हिल यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेकडच्या बोंडांत ते आणखी जास्त असतं, असं त्यात आढळलं.

सरकारनं १९४१ मध्ये बोंडं गोळा करायची मोहीम काढली होती. पुढच्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यात वनौषधी समित्या नेमल्या. तोडायला कोण गेलं? गावोगावच्या महिला मंडळांच्या बायका आणि शाळेतली मुलं. १९४२ मध्ये ३४४ टन बोंडं जमली, पुढच्या वर्षांत दरसाल साडेचारशे टनांच्या आसपास. एकेक बोंड दोन-तीन ग्रॅमचं, हे ध्यानात घ्या. एका टनासाठी काही लाख वेळा काट्यांत हात घालावा लागतो! मोबदला होता पौंडाला, म्हणजे जवळपास अर्ध्या किलोला, दोन-तीन पेन्स. कारखान्यांत सरबत झालं, बाटल्या देशभर गेल्या, त्यावर एक पिढी वाढली. युद्धानंतरही काही वर्षं न्यूकॅसलच्या एका कारखान्यासाठी शाळकरी मुलं बोंडं आणून देत. जास्त आणणाऱ्याला बिल्ला मिळे. आजींकडे तो बिल्ला अजून होता. त्यांनी शिवणाच्या डब्यातून काढून मला दाखवला.

मी विचारलं, “तुमची आई काय करायची?”

आजी म्हणाल्या, “आई? ती काही काम करत नव्हती. घरीच असायची.”

आणि मग पुढचा तासभर त्यांनी मला जे सांगितलं त्यात आई कोंबड्या पाळत होती, भाजीचा वाफा राखत होती, शेजारणीचं धुणं धूत होती, आम्हा मुलांना घेऊन पहाटे वईवर जात होती, आणि बोंडांची पोती पाठीवर घेऊन शाळेत पोचवत होती.

माझ्या हातात गाळायचं फडकं होतं. मला हिरड्याचं ते गाठोडं दिसलं. माझ्या अक्षरातला ‘गृहिणी’ हा शब्द दिसला. आणि स्वतःचं रोज संध्याकाळचं उत्तर ऐकू आलं. तीन बायका, दोन देश, मधे सत्तर वर्षं, आणि वाक्य एकच!

त्यानंतर मी गावच्या वाचनालयात बसून या वईचा इतिहास वाचला. फिरताना मी जिला निसर्ग समजत होते, ती वई मुळात कायद्यानं उभी केलेली होती. पूर्वी इंग्लंडमध्ये गावोगाव सामाईक जमिनी होत्या. गरिबाची गाय तिथं चरे, बायका सरपण, बोरं, औषधी पाला तिथून आणत. १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांहून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन अशी खाजगी ताब्यात बंदिस्त झाली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा हा पाचवा हिस्सा. बंदिस्त करायला कुंपणं घातली, आणि आजच्या कितीतरी वया त्याच आहेत. यात सगळ्यात जास्त बुडाली ती बाई, कारण सामाईक जमिनीवरून घर चालवायचं काम तिचं होतं. जेन हम्फ्रीज या अभ्यासिकेनं १९९० मध्ये हे नीट मांडलं आहे.

सरव्याचंही तेच झालं. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणं, ज्याला आपण सरवा म्हणतो, ते तिथं बायकापोरांचं काम होतं आणि त्यांचा हक्क समजला जाई. १७८८ मध्ये सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईवर सरवा वेचला म्हणून दावा झाला. कोर्टानं निकाल दिला की सरवा हा हक्क नाही, मालकाची मेहेरबानी आहे. आणि कायद्याच्या पुस्तकात हा खटला कुठल्या नावानं आहे? ‘स्टील विरुद्ध हॉटन आणि बायको’. सरवा वेचला तिनं, दंड तिच्या वेचण्याला, पण नाव नवऱ्याचं. ती नुसती ‘आणि बायको’.

तर बाईला बाहेर ठेवायला घातलेल्या कुंपणातच हा गुलाब रुजला. त्याच कुंपणावरून दीडशे वर्षांनी, युद्ध आलं म्हणून, बायकांना बोलावणं आलं की या, वेचा, देशाला गरज आहे. गरज सरली, मोहीम संपली. पुढे मोठ्या यंत्रांना शेतं मोठी हवीत म्हणून मैलच्या मैल वया उखडल्या गेल्या. १९९७ साली त्यांना वाचवायला नियम करावे लागले. चोरीच्या १९६८ च्या कायद्यात एक चांगलं कलम मात्र आहे. रानटी झाडाची फुलं, फळं, पानं कुणी तोडली तर ती चोरी नाही, विकण्यासाठी तोडली नाहीत तोवर. म्हणजे मुलाच्या खोकल्यासाठी चालेल, पोटासाठी चार पैसे मिळवायला चालणार नाही. बाईनं प्रेमानं केलं तर ठीक, पैसे मागितले तर गुन्हा. ही मेख आपल्याही ओळखीची आहे.

नोव्हेंबरात पाणी गोठू लागलं. गारठ्यानं उरलेली बोंडं मऊ पडली. नॉर्वे-स्वीडनकडून कस्तुर जातीच्या पक्ष्यांचे थवे उतरले आणि डिसेंबर-जानेवारीत, सगळीकडे पांढरं असताना, त्या लाल बोंडांवर जगले. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी जमिनीवर पडतं, पण ते लगेच रुजत नाही. बहुतेक बियांना दोन हिवाळे जमिनीत काढावे लागतात. फुलाचे तीन आठवडे आणि बोंडाचे सहा महिने. तरी चित्रं निघतात ती फुलाची.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी परत आले आणि त्याच डोंगरात पुन्हा कामाला लागले. त्या मावशींकडे गेले. सांगितलं, “मी तुमचा फॉर्म चुकीचा भरला होता.” त्यांना आठवतही नव्हतं. म्हणाल्या, “मग आता काय लिहितेस?” मी म्हटलं, “तुम्हीच सांगा, वर्षभरात रानातून काय काय आणता?” पोरींना बोलावलं, सुनेला बोलावलं. बाळहिरडा, करवंदं, पावसाळ्यातल्या भाज्या, कुर्डू, सरपण, गवत. पाठपोट दोन पानं भरली. मावशी त्या कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “एवढं समदं मीच करते व्हय?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त मान देण्याचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांची मालकी मान्य केली आहे, वापरायची आणि विकायचीही. वैयक्तिक जमिनीचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. पण दावा करताना विचारतात : कोण गोळा करतं, कुठून, कधीपासून? तिथं बाईच जर म्हणाली, “मी घरीच असते,” तर कागदावर येतं काय? ‘आणि बायको’!

सरकारनं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. मिनिटं मोजली गेली, हे चांगलंच झालं. पण आपल्या गावातलं मोजमाप आपणच केलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती एकच आहे. प्रत्येक गटानं एक वही करावी. तिला बारा पानं, एकेका महिन्याचं एक. त्या महिन्यात बायकांनी रानातून, बांधावरून, ओढ्यावरून काय आणलं, कुठून आणलं, किती वेळ गेला, घरात किती वापरलं, किती विकलं, पैसे कुणाच्या हातात आले, हे लिहायचं. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या, चित्रं काढा. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं, स्वतःची, पूर्ण. आणि ही वही ग्रामसभेत वाचायची, समितीपुढे ठेवायची.

आणि आपण कार्यकर्त्या? आपणही एक सवय लावून घेऊ या. ‘काम काय करता?’ असं विचारायचं नाही. ‘आज सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारायचं, आणि उत्तर संपेपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही. माझ्या घरीही आता संध्याकाळी हाच प्रश्न दोघांनाही विचारला जातो. उत्तर लांबतं आणि भाजी कोण चिरणार हे त्यातच ठरतं.

पुढच्या आठ मार्चला कुणी गुलाब दिला तर घ्या, फुलाचा काय दोष! पण येताना वही घेऊन या. आपण इथंच, या मंडपात, महिन्यामहिन्यानं वाचू.